कोरा अंगठा

शिलाई मशीन वर्ष-दीड वर्ष एकाच जागी राहिलं की कोब्यावर चार गोल डाग उठतात. मशीन गेलं तरी डाग राहतात.

*

१३ एप्रिल १९८५. उद्याच्या जयंतीच्या जेवणाची भाजी चिरणं चाललेलं. आठ वर्षांची मुलगी, विळी, डावा अंगठा. सरकारी दवाखान्यात तीन टाके. मुलगी रडली नाही. आई रडली.

*

"हसू नगा, ताई. कर्जाच्या फोटोत कुणी हसतंय व्हय?"

*

चांदीचं पैंजण रिठ्याच्या पाण्यात बुडवायचं, डाव्या अंगठ्याखाली दाबून धरायचं आणि पितळी तारांच्या ब्रशनं घासायचं. पांढरं होईपर्यंत. मग दुसरं. असं सव्वीस वर्षं.

*

घरकुलाची यादी, अनुक्रमांक एकशे सोळा. एक खोली, एक स्वयंपाकघर. नळ आत.

*

१९९६ साली एक रेशनकार्ड हरवलं. दुय्यम कार्डाच्या अर्जात कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: गहाळ.

*

"पारूबाई बाबू कांबळे तुमीच न्हवं?"

पारूबाई गल्लीतल्या नळावर होती. घागर अर्धी झाली होती. मागं सात-आठ बायका उभ्या. विचारणारा माणूस मोटारसायकल बंद न करताच बोलत होता. काखेत प्लॅस्टिकची फाईल, खिशाला दोन पेनं.

"मीच. काय पायजे?"

"मी कृष्णात. पतसंस्थेतनं आलोय. वसुलीला."

"कुणाच्या वसुलीला?"

"तुमच्या की."

मागच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "पारूबाई, आमाला न सांगता कर्ज काढून कुठं गं हिंडून आलीस?"

कृष्णातनं मोटारसायकल बंद केली. माणूस वाईट नव्हता. घसा खाकरून म्हणाला, "मावशी, मलकापूर शाखा. जुलै दोन हजार तीन. पिको-फॉलचं मशीन, मोटरसकट. चौदा हप्तं टायमात भरलासा, एकबी चुकवला न्हाय. ऑक्टोबरपास्नं बंद. सायब म्हणालं, चांगलं गिऱ्हाईक हाय, कायतरी अडचण आली असंल, जाऊन ये. मलकापुरातली खोली तर तुमी सोडलीया. मग रेशनकार्डावरचा पत्ता धरून हितं कोल्हापुरात आलो."

"मलकापूर मी डोळ्यानं बघितलं न्हाय. आणि शिवण मला येत न्हाय. फाटलं तर टाका घालतो, तेवढंच."

"मग ह्यो फोटो कुणाचा?"

त्यानं फाईल उघडली.

फोटोत पारूबाई होती.

तेच कपाळ, तोच उजवीकडं जरा उतरलेला ओठ. फोटो काढताना पारूबाई डोक्यावर पदर घेते तसाच पदर, कानाच्या मागून. फक्त अंगावरचं गडद, बारीक काठाचं लुगडं तिचं नव्हतं. आणि चेहऱ्यावरची वीसेक वर्षं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून काढल्यासारखी गेली होती. फोटोतली पारूबाई नळावरच्या पारूबाईकडं बघत होती. हसत नव्हती.

बायकांनी फाईलभोवती गर्दी केली.

"अगं, तूच की ही!"

"जुना फोटो दिलायस की गं. चलाख हाय पारूबाई."

कुणालाच शंका आली नाही. पारूबाईच्या हातात घागर भरून वाहत होती. कुणीतरी नळ बंद केला.

*

पारूबाई एकटी राहते. नवरा, बाबू, मिलमध्ये होता, एकोणनव्वदला गेला. मुलगी यशोधरा, यशी, दहावी झालेली. शहाण्णव साली एका टेम्पोवाल्याबरोबर घर सोडून गेली. तेव्हा पारूबाईनं दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "आजपास्नं माझं नाव लावायचं न्हाय."

नंतर कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "लेक न्हाय मला."

नऊ वर्षं झाली. आता कुणी विचारत नाही.

*

घरकुल योजनेच्या खिडकीवरच्या कारकुनानं यादीवर बोट ठेवलं. एकशे सोळा. "सगळं बरोबर हाय, बाई. फक्त कुठल्या बँकेची, सोसायटीची थकबाकी न्हाय असा दाखला आणा. एकतीस मार्चच्या आत. न्हाईतर एकशे सतरावाला बसलायच टपून."

सव्वीस वर्षं गुजरीतल्या चांदीच्या कारखान्यात हात पाण्यात, आणि घरी आलं की पाण्यासाठी रांग. आत नळ असलेलं घर ही एकच गोष्ट पारूबाईनं कुणाकडं तरी मागितली होती.

पतसंस्थेच्या थकबाकीदारांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. चौथं. टाइप केलेलं.

*

पायऱ्या

कोर्टासमोर झाडाखाली मृत्युंजय अण्णाचं टेबल. त्याच्यावर टाइपरायटर, टाइपरायटरवर प्लॅस्टिकचा कागद, अण्णाच्या कपाळावर विभूती. अर्ज, प्रतिज्ञापत्र, करारपत्र. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पानाची पिचकारी लांब टाकली.

"अक्का, ह्याला पायऱ्या असत्यात. गडबड करू नगंस. पयली, पतसंस्थेला लेखी अर्ज: कर्ज माझं न्हाय. दुसऱ्या प्रतीवर त्यांचा शिक्का घ्यायचा, तोंडी कुणाचं काय ऐकायचं न्हाय. दुसरी, पोलिसांत तक्रार. तिसरी, अंगठ्याचा नमुना. चौथी, मलकापूरला जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडनं लिवून आणायचं की ही बाई हितं कवाच ऱ्हायली न्हाय. पाचवी, प्रतिज्ञापत्र. मग पतसंस्था दाखला दील. दील म्हंजे काय, द्यायलाच पायजे."

"आणि?"

"आणि रेशनकार्ड कुलपात ठेव. कुणाला झेरॉक्स दिलीस तर तिच्यावर आडवं लिव, कशाला दिलीय ते."

"मला कुठं लिवाय येतंय?"

"मग माझ्याकडनं लिवून घे. आणि एक सांगतो, ही पायरी न्हवं, पायरीच्या खालची जमीन हाय. त्या कर्जाचा एकबी हप्ता भरायचा न्हाय. कुणी कितीबी गोड बोलू दे. एक हप्ता भरलास की कर्ज तुजं. मग ब्रह्मदेव आला तरी तुजंच."

पारूबाईनं पाची पायऱ्या बोटांवर मोजल्या आणि मूठ मिटली.

पायरी एक

शिक्का मिळाला. निळा, जरा फिस्कटलेला.

पायरी तीन

दुसरी आणि तिसरी एकाच टेबलावर झाली, पण तिसरी आधी आठवते.

हवालदारानं काचेवर शाई पसरली, रूळ फिरवला, पारूबाईचा डावा अंगठा धरला, शाईवर लोळवला आणि कागदावर दाबला.

कागदावर काळा अंडाकृती डाग उठला. गुळगुळीत, बीच्या आकाराचा.

"जास्त शाई लागली," हवालदार म्हणाला. रॉकेलच्या बोळ्यानं अंगठा पुसला. परत दाबला.

डाग.

तिसऱ्यांदा त्यानं शाई अगदी पातळ केली. श्वास रोखून, हळू दाबला. मग कागद उजेडात धरला, मग तिचा अंगठाच उजेडात धरला.

"मावशी, ह्यात रेघच न्हाय."

"नसंल."

"नसंल म्हंजे? माणसाला रेघा असत्यात. पोटात असल्यापास्नं असत्यात. कुठं गेल्या?"

"गेल्या लोकांच्या पायात," पारूबाई म्हणाली. "पैंजणं घासतो मी."

हवालदार मोठ्यानं हसला. मग थांबला. त्यानं आपल्या अंगठ्याकडं एकदा बघून घेतलं.

"अवघड हाय. त्या कर्जाच्या कागदावरचा अंगठा लखलखीत असणार. तुमचा ह्यो असा. जुळतोय म्हणता येत न्हाय, जुळत न्हाय म्हणता येत न्हाय." त्यानं पेन कानावर ठेवलं. "खरं सांगू? कागदावर बघायचं तर तुमच्यापरास ती बाईच जास्त पारूबाई हाय."

पायरी दोन

"कुणावर संशय?"

"न्हाय."

"घरातलं कोण? रेशनकार्ड कुणाच्या हातात पडलं असंल?"

"हरवलं हुतं."

"कवा?"

"शहाण्णवला."

हवालदारानं लिहिलं. पारूबाई त्याच्या पेनाच्या टोकाकडं बघत होती. फोटो पाहिल्यापासून एक नाव तिच्या मनात होतं. ते तिनं सांगितलं नाही.

पायरी चार

मलकापूरला उतरल्यावर तिनं पत्त्याचा कागद एका किराणा दुकानदारापुढं धरला. त्यानं कागद बघितलाच नाही.

"बऱ्याच दिसांनी, पारूबाई! दोऱ्याची रिळं ठेवलीती की तुमची, पांढरी." मग त्यानं नीट बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आजारी हुता काय वो? लई वाळलासा."

"कुठं ऱ्हातो मी?" पारूबाईनं विचारलं.

तिला विचारायचं होतं, ही बाई कुठं राहते. तोंडातून निघालं ते असं निघालं.

दुकानदारानं बोट दाखवलं. रिळांचा डबा परत मागं सरकवला.

घर गल्लीच्या टोकाला होतं. जोत्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, दुधाच्या सायीसारखे. ही तानाबाई, खोलीची मालकीण. पारूबाईनं पायरीवर पाय ठेवला, आणि अजून एक शब्दही बोलली नव्हती, तेवढ्यात म्हातारी म्हणाली,

"पारू, आलीस व्हय?"

पारू. पारूबाईची आई गेल्यापासून या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

येताना एसटीत तिनं वाक्य पाठ केलं होतं: मी हितं कवाच ऱ्हायलो न्हाय, तेवढं लिवून द्या. ते वाक्य आलं नाही.

"आलो," ती म्हणाली.

"आवाज बसलाय गं तुजा."

"व्हय."

"पायाच्या आवाजावरनं वळखलं मी. टाच घासत चालायची सवय. बस. आईकडं जाऊन आलीस न्हवं? भेटली आई?"

पारूबाई बसली. शेंगांच्या टरफलांचा ढीग तिच्या पायाखाली कुरकुरला.

"भेटली," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार?"

"मी सांगतच हुतो की नाय तुला? आई हाय ती. दारात उभी ऱ्हाऊन शिव्या दील, आणि मग ताटात भात वाढंल. त्यो टेम्पोवाला टाकून गेला तवाच जायाचं. पर तुजं आपलं एकच, 'आईनं सांगितलंय, नाव लावू नगंस.' आणि नाव तर तिचंच लावून बसलीस!" तानाबाई हसली, तोंडात तीन दात. "मला सांगितलंस ते मी कुणाला बोललो न्हाय हां, पारू. जवळ रेशनकार्ड आईचंच हाय, कर्जापुरतं नाव घेतलंय, फेडून टाकणार, आईला कळायच्या आत, म्हणालीस. खरं ते नावच चिकटलं तुला. मलाबी तुजं दुसरं नाव आठवंना झालंय."

"मी कवा गेलो हितनं?"

"इसरलीस? सप्टेंबरात, गणपती बसायच्या आत. पाऊस काय थांबत नव्हता. खोकत हुतीस. म्हणलं, जरा उघडू दे. तर म्हणालीस, 'न्हाय मावशी, आता आईकडंच जातो.' मशीन टेम्पोत घातलंस आणि तूबी त्याच टेम्पोत बसलीस."

तानाबाईनं बोलता बोलता हात पुढं केला आणि पारूबाईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. बोटं चाचपली, एक एक, शेंग चाचपावी तशी. अंगठ्यावर आली. थांबली. परत चाचपला.

"अगं," ती हळू आवाजात म्हणाली, "हितली ती रेघ कुठं गेली?"

पारूबाईनं अंगठा मुठीत घेतला.

"तिरकी रेघ हुती हितं. शेंगा फोडताना माझ्या बोटाला लागायची. टाक्याची." म्हातारीनं हात सोडला. अंग मागं घेतलं. सायीचे डोळे पारूबाईच्या डोक्यावरून पलीकडं, मोकळ्या रस्त्याकडं बघू लागले. "कोण गं तू?"

पारूबाई उठली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत कुणी नवीन भाडेकरू आलं नव्हतं. खिडकीखाली, कोब्यावर, चार गोल डाग. कोपऱ्यात एक मातीची घागर उपडी ठेवलेली, तिच्यावर तांब्या पालथा, तांब्यावर कडुलिंबाची वाळलेली डहाळी. किडे-मुंग्या येऊ नयेत म्हणून. पारूबाई हे असंच ठेवते. पारूबाईच्या आईचंही असंच होतं. आणखी कुठल्या घरात तिनं कधी बघितलं नव्हतं.

बाहेरून तानाबाईचा आवाज येत होता, कुणालातरी, बहुतेक कुणालाच नाही: "कोण आलंय? पारू गेली की आईकडं. कोण आलंय हे?"

परतीच्या गाडीत पारूबाई दाराजवळच्या सीटवर बसली. वाटेत बांबवड्याला चढलेली प्रत्येक बाई तिनं बघितली. खाली उभ्या असलेल्याही.

मलकापूर ते कोल्हापूर दीड-दोन तास. यशीला निघून पाच महिने झाले होते.

पायरी पाच

मृत्युंजय अण्णानं प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलं होतं. अठ्ठावीस मार्च. तो वाचून दाखवू लागला. "मी, पारूबाई बाबू कांबळे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की सदर कर्ज अर्जावरील अंगठा माझा नाही. सदर अंगठा करणाऱ्या इसमास मी ओळखत नाही..."

"ओळखत न्हाय, लिवलंय?"

"लिवायला लागतंय. शेजाऱ्यांचं लिवून मिळालं न्हाय म्हणतीस, मग निदान हे तरी घट्ट पायजे."

"मग पुढं काय हुतंय?"

"पुढं तुला दाखला. घर. नळ सोड आणि बस."

"तिचं काय?"

"कुणाचं? त्या बाईचं? गुन्हा दाखल हुणार. हुडकून काढणार तिला, आणि आत टाकणार."

"कुठं हुडकणार?"

अण्णानं चष्मा काढला. "तिचं नाव-गाव तर कुणाला ठावं न्हाय. म्हंजे पयल्यांदा कागदावर जो पत्ता हाय तिथंच येणार. तुज्याच दारात. चार डाव येतील, इचारतील. पोलिसांचं असंच असतंय, अक्का. तू भिऊ नगंस."

पारूबाईला आपलं दार दिसलं. दारात पोलिसांची गाडी. आणि गल्लीच्या तोंडाशी, खोकत, गाठोडं घेऊन कुणीतरी आलेलं. गाडी बघून थांबलेलं. तसंच मागं वळलेलं.

तिनं प्रतिज्ञापत्राची घडी केली आणि पदरात खोवली. अण्णाला वाटलं, पतसंस्थेतच अंगठा करणार असेल.

*

कृष्णातनं तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. "या मावशी. आणलंय न्हवं? सायबांशी बोललोय मी. म्हणालं, बाई खरी वाटतीया, प्रतिज्ञापत्र घ्या आणि दाखला द्या. तुमचं काम झालं समजा."

दाखला टेबलावरच होता. टाइप केलेला, फक्त शिक्का राहिलेला.

"मूळ कागद दाव मला," पारूबाई म्हणाली. "झेरॉक्स नगं. मूळ."

त्यानं फाईल उघडून तिच्यापुढं ठेवली. निळ्या शाईतला अंगठा होता. रेघा पाण्यावरच्या वलयासारख्या, एकात एक. आणि त्यांच्यामधून, खालून वर, तिरकी गेलेली एक पांढरी वाट. वाटेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके. तीन आणि तीन.

पारूबाईनं आपला अंगठा त्याच्या शेजारी कागदावर ठेवला. टेकवला नाही, नुसता जवळ नेला.

"ह्यो अंगठा माझा हाय," ती म्हणाली.

कृष्णातचा चहाचा कप अर्ध्यात थांबला. "मावशी?"

"माझाच हाय. विळीवर कापला हुता. तीन टाकं पडल्यात."

"दोन म्हैनं तुमी पोलीस, कोर्ट... दावा बघू अंगठा."

"झिजला."

"दीड-दोन वर्सात?"

"झिजतंय, बाबा. बाईमाणसाचं काय, वर्सातबी झिजतंय."

 त्यानं फाईलचं पान उलटलं. "मग ही कोण? वारस म्हणून नाव दिलंय. यशोधरा बाबू कांबळे. नातं, मुलगी."

पारूबाईनं डोळे मिटले. पोरीनं आईचं नाव लावलं, आईचा पदर घेतला, दहावी शिकून अंगठा उठवला. आणि ही बाई मेली तर तिच्यामागं कोण, असं कुणीतरी टेबलापलीकडून विचारल्यावर आपलं खरं नाव सांगितलं.

"माझी लेक," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"कुठं असत्यात?"

"येणार हाय." मग तिनं टेबलाची कड धरली. "एक सांग मला. मी शेवटचं कवा आलतो?"

"काय?"

"मलकापूरला. हप्ता भराय. मी शेवटचं कवा आलतो?"

कृष्णातला काहीतरी कळलं असावं. निदान, विचारू नये एवढं तरी कळलं. त्यानं खातेउतारा बघितला. "नऊ सप्टेंबर."

"काय बोललो का मी?"

"मला कसं... मी हितं असतो, मावशी."

"तिथं फोन हाय न्हवं?"

त्यानं फोन ओढला, नंबर फिरवला. "हां, मलकापूर? कृष्णात बोलतोय. ते पारूबाई कांबळे, मशीनवाल्या... हां. शेवटचा हप्ता भराय आलत्या तवा कायतरी बोलल्या का? ... आठव की जरा." बराच वेळ तो ऐकत राहिला. मग फोनच्या तोंडावर हात ठेवून, तिच्याकडं न बघता सांगू लागला. "म्हणत्यात, बाईंना बरं नव्हतं. खोकत हुत्या. बाकड्यावर बसल्या थोडा वेळ. पाणी दिलं. म्हणाल्या... म्हणजे तुमी म्हणालासा, आता पुढचा हप्ता कोल्हापुरास्नंच भरतो."

"असं म्हणालो मी?"

"व्हय."

"कोल्हापुरास्नं भरतो, म्हणालो?"

"व्हय, मावशी."

पारूबाईनं कमरेची पिशवी सोडली. त्यातली घडी टेबलावर, दाखल्याच्या बाजूला ठेवली.

"मग घे. हप्ता."

"मावशी, ऐका. हप्ता भरलासा की—"

"ठावं हाय. अण्णानं पयल्याच दिवशी सांगितलंय."

त्यानं पावतीपुस्तक काढायला फार वेळ लावला. कार्बन सरळ केला, परत सरळ केला. मग शाईचं पॅड तिच्याकडं सरकवलं. पावतीवर नाव, आणि नावासमोर निळा, गुळगुळीत डाग, बीच्या आकाराचा. वलय नाही, वाट नाही.

दाखला त्यानं ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही.

"आणि पत्ता?" जाताना तिनं दारातून विचारलं. "माझा पत्ता ह्योच ठेवलायसा न्हवं, कोल्हापूरचा? बदलू नगा."

*

घरकुलाच्या यादीत एकशे सोळा क्रमांकावर आता दुसरं नाव आहे.

दर महिन्याच्या नऊ तारखेला पारूबाई पतसंस्थेत जाते. कृष्णात असला तर खुर्ची देतो. ती पावती घेते आणि दरवेळी एकच विचारते, मलकापुरात कुणी हप्ता भराय आलतं का. तो फोन करतो. कुणी आलेलं नसतं.

मग ती गुजरीत जाते आणि ब्रश उचलते. संध्याकाळी नळावर रांग असते. तिचा नंबर येईपर्यंत बायका बोलतात, ती गल्लीच्या तोंडाकडं तोंड करून उभी राहते. घरात कोपऱ्यात घागर. तिच्यावर तांब्या, तांब्यावर लिंबाची डहाळी. ओली.

*

१२ जून १९९६ रोजी यशी घर सोडून गेली, तेव्हा तिच्या स्वतःच्या चपला दारातच होत्या. ती पारूबाईच्या घालून गेली होती.